अंतर : किलोमीटरचे आणि तासांचे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी किंचित संक्षेप केला आहे.)



चिटणीसांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा विषय मीच निवडावा असे सुचवले. मी व्यवसायाने इंजिनिअर; साहित्यावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. तेव्हा मोजमापाचाच एखादा विषय घ्यावा असे ठरवले. त्याच सुमारास माझ्या नातवाने कॅलिफोर्नियाहून फोनवर विचारले, "आजोबा, तुमचं घर आमच्यापासून किती लांब आहे?" मी म्हणालो, "चौदा हजार किलोमीटर." त्यावर तो म्हणाला, "तसं नाही, किती वेळ लागतो?" या प्रश्नाचे सरळ उत्तर मला देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचाच प्रयत्न आहे असे समजावे.

प्रथम किलोमीटरचा हिशेब उरकू, कारण तो सोपा आहे. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधील पृथ्वीच्या पाठीवरचे सर्वांत कमी अंतर १३,९९३ किलोमीटर आहे. पृथ्वीचा संपूर्ण घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे एका अर्थी आपली मुले पृथ्वीच्या एक तृतीयांश घेराहूनही अधिक दूर जाऊन राहिली आहेत. आता गंमत अशी की, अमेरिका 'पश्चिमेला' आहे असे आपण सहज म्हणतो. घरी पृथ्वीचा गोल असेल तर बंगळूरवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवावे आणि दोरा ताणावा. तो पश्चिमेकडे जात नाही, अरबी समुद्राला तर शिवतही नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघतो, फक्त वीसेक अंश पूर्वेला कलून. नेपाळ, तिबेट, मंगोलियाची हद्द, पूर्व सैबेरिया असे करीत तो ध्रुवीय महासागराच्या काठाशी, एकाहत्तराव्या अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अलास्कावरून खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपली जी फसवणूक केलेली असते ती या एका दोऱ्याने उघडी पडते. देवघरातील दक्षिणोत्तर दिशा पाहून मी मनाशी म्हणतो की, मुलीच्या घराकडे तोंड करायचे तर उत्तरेला वळून किंचित उजवीकडे पाहावे.

परंतु विमान या दोऱ्यावरून जात नाही. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमाने शक्यतो नेत नाहीत. कारण विमानातील हवेचा दाब एकाएकी कमी झाला तर वैमानिकाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावे लागते, आणि तेथे तर जमीनच त्याहून उंच. उत्तर ध्रुवाजवळ वेगळ्याच अडचणी. वरची हवा इतकी थंड असते की पंखांतील इंधन गोठण्याच्या तापमानाजवळ जाऊ लागते. जेट ए-वन या इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे आणि ध्रुवीय प्रदेशात बाहेरचे तापमान त्याहूनही खाली उतरू शकते. म्हणून वैमानिक इंधनाच्या तापमानावर नजर ठेवून असतात, प्रसंगी विमान अधिक उबदार थरात खाली आणतात किंवा वेग वाढवतात. चुंबकीय ध्रुवाच्या शेजारी होकायंत्र भरवशाचे राहत नाही. शिवाय संकटकाळी उतरण्यासाठी विमानतळ कोठे आहे याचा विचार प्रत्येक टप्प्याला करावा लागतो.

या सर्व अडचणी ओलांडून ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एअर इंडियाचे विमान उत्तर ध्रुवावरून येऊन कोठेही न थांबता बंगळूरला उतरले. बंगळूर आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा यांमधील ते पहिले विनाथांबा उड्डाण. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील चारही वैमानिक स्त्रिया होत्या, ही गोष्ट आपल्या भगिनींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. विमान सतरा तासांहून अधिक काळ हवेत होते. ते निघाले शनिवारी रात्री आणि उतरले सोमवारी पहाटे. अधला रविवार प्रवाशांच्या वाट्याला नीट आलाच नाही. तो आकाशातल्या आकाशात सरून गेला. दोन शहरांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेतेरा तासांचा व उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, त्याचा हा परिणाम.

घड्याळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. मुंबई आणि बंगळूर यांच्या रेखांशांत साधारण पावणेपाच अंशांचे अंतर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा बंगळुरात सूर्य एकोणीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईने आपला जुना 'मुंबई टाइम' हट्टाने १९५५ पर्यंत चालवला. तो प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे. त्या काळी मुंबईहून बंगळूरला येणाऱ्या माणसाला प्रवासात घड्याळाचा काटा पुढे करावा लागे. म्हणजे घर सोडले की वेळ बदलते हा अनुभव केवळ अमेरिकेला गेलेल्यांचाच नव्हे. आपल्या आधीच्या पिढीने तो याच देशात, याच रस्त्यावर घेतलेला आहे.

आता तासांचा हिशेब. हा कठीण आहे, कारण तो माणसागणिक बदलतो.

आपल्या या शहराशी मराठी माणसाचा संबंध साडेतीनशे वर्षांहून जुना आहे, हे मी येथे सांगायला हवे असे नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. पुढे शहाजीराजे कर्नाटकात, आणि जिजाबाई व शिवाजीराजे पुण्याच्या मुलखात, असे हे कुटुंब दोन ठिकाणी विभागले गेले. नोकरीसाठी घर दुभंगण्याची आपली कथा तेथपासूनची आहे, फक्त त्यांची नोकरी तलवारीची होती. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्याच महिन्यात शिवाजीराजे सुरतेच्या स्वारीवर गेलेले होते. राजगडावर परतल्यानंतर त्यांना पित्याच्या निधनाची वार्ता समजली. होदिगेरे ते राजगड हे अंतर सरळ रेषेत मोजले तर सव्वापाचशे किलोमीटरांच्या आसपास भरते. आजच्या विमानाला हे पाऊण तासाचेही काम नाही. पण ज्याच्या शब्दाखातर दौडत सुटणारे हजारो घोडे होते, त्या राजालाही वडिलांच्या अखेरच्या क्षणी जवळ असता आले नाही. होदिगेरे आज दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात आहे. तेथे शहाजीराजांची समाधी आहे. आपल्यापैकी ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी एकदा जाऊन यावे. दूर राहिलेल्या मुलाचे दुःख आपल्यापासूनच सुरू झाले, असा जो आपला समज असतो, तो तेथे उभे राहिल्यावर ओसरतो.

त्यानंतर आगगाडी आली. आपल्या मंडळातील ज्येष्ठ मंडळींना मीटरमापाच्या गाडीची आठवण निश्चित असेल. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून मिरजेपर्यंत रुंदमाप झाले, पण मिरजेपासून बेळगाव, लोंढा, हुबळी, दावणगेरे, अर्सिकेरे असा बंगळूरपर्यंतचा मार्ग पुढे नव्वदीचे दशक उजाडेतो मीटरमापाचाच राहिला होता. मिरजेला उतरायचे, वळकट्या, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या आणि मुले यांची मोजणी करायची, हमालाच्या मागून धावत दुसरी गाडी गाठायची. मिरजेच्या फलाटावर आपले प्रवासी जीवन अर्धे-अर्धे कापले जात असे: अलीकडे घर, पलीकडे नोकरी. दुसरा रस्ता सोलापूर, वाडी, गुंतकल असा; उद्यान एक्स्प्रेसने मुंबईहून यायला जवळजवळ चोवीस तास. मुंबई-बंगळूर हे विमानाचे अंतर ८३० किलोमीटरच्या आसपास. रेल्वेचे मात्र साडेअकराशेच्या घरात. रेल्वे डोंगर-नद्या पाहून चालते, त्याला इलाज नाही.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो. तो मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही.

१९७८ च्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता, कारखान्यात माझ्या हातात तार पडली. "मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली." त्या काळच्या तारांची भाषा आपणा सर्वांना ठाऊक आहे. 'सीरियस' या शब्दाचा खरा अर्थ पोचल्यावर समजे. आमचे घर कऱ्हाडला. बंगळूरपासून कऱ्हाड सरळ रेषेत सहाशे किलोमीटर. विमानाने मुंबईला जाणे माझ्या पगाराच्या आवाक्याबाहेर होते, आणि गेलो असतो तरी पुढे कऱ्हाड होतेच. महिनाअखेर होती. खिशात पुरेसे पैसे नव्हते आणि बँकेत जाऊन काढायला बँकेतही नव्हते. त्या वेळी आपल्या मंडळाच्या चिटणीसांच्या घरी एक पत्र्याची पेटी असे. वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून त्यात ठेवलेली असे, ती एवढ्यासाठीच की, ज्याच्या घरी अशी तार येईल त्याने तिकिटासाठी थांबू नये. पावती नाही, अर्ज नाही. मी दारात उभा राहिलो, तार पुढे केली, आणि चिटणीसांनी ती न वाचताच पेटी उघडली. संध्याकाळी ते मला स्टेशनवर पोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "मिरजेला काही खाऊन घ्या. पुढे तुम्हाला खायला सुचणार नाही."

रात्र, दुसरा दिवस, मिरजेला गाडीची वाट, पुन्हा रात्र. ओगलेवाडीला उतरून गावात पोचलो तेव्हा तिसऱ्या दिवसाची पहाटही झाली नव्हती. तार हाती पडल्यापासून उंबरठ्यापर्यंत चाळीस तास लागले. ओसरीवर कंदील होता आणि थोरले बंधू भिंतीला टेकून बसलेले होते. त्यांनी मला काही सांगितले नाही आणि मीही काही विचारले नाही. प्रीतिसंगमावर आदल्याच दिवशी सर्व आटोपले होते. उन्हाळ्याचे दिवस, थांबणे शक्य नव्हते, हे मला समजत होते. आजही समजते. सहाशे किलोमीटर आणि चाळीस तास. हे दोन आकडे मी तेव्हापासून जवळ बाळगून आहे.

बंधुभगिनींनो, याच शहरात त्याआधी किती तरी वर्षांपासून विमाने तयार होत होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, आणि या शहराला विमानांचे शहर करणारा माणूस आपल्या बाजूचा होता याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्याहूनही मागे, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. म्हणजे आपल्याकडे विमानाने पहिल्यांदा माणूस नव्हे, पत्र पोचवले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. मे १९६० मध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. आकाशातील रस्ते होते, पण ते आपल्या घरावरून जात, घरापर्यंत येत नसत. सामान्य नोकरदाराने विमानात पाऊल ठेवले ते फार पुढे.

आता दुसरा प्रसंग, आणि दुसरे दोन आकडे.

२०२३ च्या जानेवारीत, मंगळवारी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या पत्नीचा उजवा हात उचलेनासा झाला आणि बोलणे अडखळू लागले. मी मुलीला फोन केला. तिकडे सोमवारची दुपार होती. ती कचेरीत होती. फोन लागायला एक मिनिटही लागले नाही. १९७८ मध्ये जी बातमी यायला रात्र गेली असती, ती एका मिनिटात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पोचली. पण बातमी आणि माणूस या दोन गोष्टींचा वेग एक नाही, हे त्या रात्री मला उमगले. बातमी पोचताच मुलगी तेथे उभी राहिली, आणि तिच्या नि माझ्या मध्ये चौदा हजार किलोमीटर तसेच राहिले.

ती लगेच निघाली, हे वेगळे सांगायला नको. विनाथांबा विमान त्या दिवशी नव्हते. दुबईमार्गे जागा मिळाली ती दुसऱ्या दिवसाची. मूल शेजाऱ्यांकडे ठेवणे, रजा, विमानतळावर तीन तास आधी जाणे, दुबईत पाच तास बसून राहणे, देवनहळ्ळीला उतरल्यावर सामान, आणि मग शहरात यायचा पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता. गुरुवारी सकाळी आठनंतर ती रुग्णालयात पोचली. फोनपासून खाटेपर्यंत चोपन्न तास. विमान प्रत्यक्ष हवेत होते ते जेमतेम वीस तास. उरलेले चौतीस तास जमिनीवर गेले. चौदा हजार किलोमीटर आणि चोपन्न तास. सहाशे किलोमीटरच्या माझ्या चाळीस तासांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. अंतर तेवीस पटींनी वाढले आणि वेळ दीडपटही झाला नाही. इंजिनिअर म्हणून मला या प्रगतीपुढे हात जोडावेसे वाटतात.

पण डॉक्टरांनी मला तिसराच एक आकडा सांगितला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे औषध पहिली लक्षणे दिसल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि तेही आधी मेंदूचे छायाचित्र काढून, रक्तस्राव नाही याची खात्री करून घेतल्यावर. जितका उशीर तितका गुण कमी. साडेचार तास! माझ्या हिशेबाच्या वहीत चाळीस तास होते, चोपन्न तास होते, सतरा तासांचे विनाथांबा उड्डाण होते. त्या साडेचार तासांत अमेरिकेहून येणारे विमान जगात नाही. पुण्याहूनही कोणी आले नसते. पुणे-बंगळूर विमानाने सव्वासातशे किलोमीटर, दीड तासाचे उड्डाण. पण पहाटे दोन वाजता फोन लागल्यावर पहिले विमान, विमानतळ, येथला रस्ता हे सारे धरले तर साडेचार तास हातचे निघून जातात.

मग कोण आले? मुलीने तिकडून दुसरा फोन केला तो दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, आपल्याच मंडळातील एका दांपत्याला. पंधरा मिनिटांत त्यांची गाडी दारात होती. वहिनींनी अंगावर शाल टाकलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मला म्हणाल्या, "तुम्ही पुढे बसा, मी ताईंना मागे धरून बसते. औषधांची यादी घेतलीत का?" यादी मी विसरलो होतो, त्यांनी टेबलावरून उचलली. रिकाम्या रस्त्यावरून आम्ही वीस मिनिटांत रुग्णालयात पोचलो. औषध वेळेत मिळाले. माझी पत्नी आज या सभेत पहिल्या रांगेत बसली आहे. बोलताना तिला अजून शब्दाची वाट पाहावी लागते. पण शब्द येतो.

मुलगी गुरुवारी आली तेव्हा आईच्या उशाशी बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन तिने मला विचारले, "बाबा, मी वेळेत आले का?" मी 'हो' म्हणालो. ते खरे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तिच्या आईसाठी ती वेळेत आली. त्या रात्रीसाठी आली नाही, येऊच शकत नव्हती. १९७८ मध्ये ओसरीवर मला हाच प्रश्न थोरल्या बंधूंना विचारायचा होता.

या साऱ्यातून मला जे समजले ते असे. दोन शहरांमधील किलोमीटर बदलत नाहीत. त्यांना लागणारा वेळ बदलतो, आणि तो कमीच होत जाईल याचीही हमी नाही. २०२२ साली रशियाने अमेरिकेच्या व युरोपच्या विमानांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना ते बंद केले. एका रात्रीत किती तरी प्रवास लांबले, आणि पृथ्वी तर तेवढीच होती. आज असलेली सेवा उद्या बंद होते, नवी सुरू होते; वेळापत्रके माणसांनी केलेली असतात. पण समजा, उद्या एखादे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून आठ तासांत येऊ लागले, तरी साडेचार तासांचा प्रश्न सुटत नाही. विमानाने प्रवासाचा मधला भाग लहान केला. पहिला आणि शेवटचा भाग माणसांनीच चालायचा असतो.

म्हणून नातवाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: "बाळ, तुझ्या आईला यायला दोन-अडीच दिवस लागतात. आमच्या मदतीला यायला पंधरा मिनिटे लागतात. दोन्ही माणसे आमचीच आहेत."

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले ते सर्व घर सोडून आलेले तरुण होते. त्यांचे आईवडील दूर होते. म्हणून त्यांनी पेटीत पैसे ठेवले: जाणाऱ्याने लवकर जावे यासाठी. आज आपण उलट्या बाजूला उभे आहोत. आपण मागे राहिलेले आईवडील आहोत आणि मुले दूर आहेत. तार बंद पडली; जुलै २०१३ मध्ये सरकारने ती सेवाच संपवली. पेटीची गरजही राहिली नाही. मुलांच्या हातात तिकीट काढायचे यंत्र आहे. आता गरज आहे ती जाणाऱ्याच्या पैशाची नव्हे. राहणाऱ्याजवळ पंधरा मिनिटांत पोचणाऱ्या माणसाची.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मोठ्या सभागृहाची योजना मंडळापुढे आहे, तिला माझा पाठिंबा आहे. तिच्याबरोबर एक लहान गोष्ट करावी अशी माझी विनंती आहे. तिला खर्च जवळजवळ नाही. मल्लेश्वरम्, राजाजीनगर, बसवनगुडी, जयनगर, इंदिरानगर, व्हाइटफील्ड अशा एकेका भागासाठी एक वही करावी. त्या भागातील आपली जी कुटुंबे एकटी राहतात त्यांचे पत्ते, त्यांच्या औषधांची यादी, मुलांचे परगावचे व परदेशचे दूरध्वनी तीत लिहावेत. आणि प्रत्येक घरासमोर दोन नावे: रात्री दोन वाजता हाक आली तर निघणारी. गाडी चालवता येणारी असावीत. कानडी चांगले बोलणारी असली तर फारच उत्तम. कारण रात्रीच्या वेळी रुग्णालयाच्या दारात आपली पुस्तकी इंग्रजी पुरी पडत नाही. ती नावे मराठी माणसाचीच असली पाहिजेत असेही नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे कानडी गृहस्थ त्या रात्री आमच्या घराची किल्ली घेऊन जागे बसले होते. तेही आमच्या वहीत आहेत.

येथे जे तरुण बसले आहेत आणि ज्यांचे आईवडील सातारा-सांगलीला, नागपूरला, रत्नागिरीला आहेत, त्यांना एवढेच सांगेन. विमानाची वेळापत्रके पाठ करा, पण त्याआधी आईवडिलांच्या शेजाऱ्यांची नावे पाठ करा. त्यांना दिवाळीत फराळाचा डबा नेऊन द्या. तुमच्या आणि तुमच्या घराच्या मधले अंतर त्या शेजाऱ्यांच्या दारापर्यंतच मोजायचे आहे. त्यापुढचे तुम्ही सवडीने येऊ शकता.

मंडळाच्या त्या जुन्या चिटणीसांना जाऊन बरीच वर्षे झाली. पत्र्याची पेटी मात्र अजून आहे. मंडळाच्या कपाटात, रिकामी. पहिली वही तीत ठेवावी, असे मी सुचवतो. आमच्या भागाची वही मी लिहून आणली आहे. सतरा घरे आहेत. भाषण संपल्यावर ती मी चिटणीसांच्या हाती देईन.